गोळी कोणाच्या पैशाची? एच.आय.व्ही. कार्यक्रमातील परदेशी मदत समजून घेताना

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३ फेब्रुवारी २०२५ रोजी, इंदूरच्या लोकमान्य नगरात एका ओळखीच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले होते. बैठकीत बायकांची ये-जा चालू असताना स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत बसलेल्या एका बाईंनी मला खुणेने आत बोलावले. मी ए.आर.टी. केंद्रात, म्हणजे एच.आय.व्ही.ची औषधे मोफत देणाऱ्या सरकारी केंद्रात, समुपदेशक होते तेव्हापासून त्या मला ओळखतात. आमची ओळख कशी झाली हे त्या घरात कोणालाही ठाऊक नाही आणि ते तसेच राहावे याची काळजी आम्ही दोघीही घेतो. आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "ताई, अमेरिकेनं पैसे बंद केलेत म्हणे. मग आमच्या गोळ्यांचं काय?"

"गोळ्या मिळत राहतील, तुम्ही फक्त तारीख चुकवू नका," एवढेच मी त्या वेळी सांगितले. ते उत्तर खरे होते, पण अपुरे होते. आपल्या देशाच्या एच.आय.व्ही. कार्यक्रमात बाहेरचा पैसा कधी आला, कशासाठी आला, त्यातले काय देशाने स्वतःच्या अंगावर घेतले आणि काय अजूनही दुसऱ्याच्या भरवशावर आहे, हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देता येत नाही. ते उत्तर मी येथे लिहून काढत आहे, कारण तो प्रश्न त्या एकट्या बाईंचा नाही.

प्रथम ती गोळी पाहू. ए.आर.टी. केंद्रातून मिळते ती पांढरी प्लॅस्टिकची बाटली असते; आत ३० गोळ्या आणि ओलावा शोषून घेणारी एक लहान पुडी असते. रोज एक गोळी घ्यायची. त्या एका गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तीन औषधे एकत्र असतात. ती विषाणूला शरीरातून हाकलून देत नाहीत, पण त्याची वाढ इतकी रोखतात की रक्ताच्या तपासणीत तो सापडेनासा होतो. आणि ज्याच्या रक्तात तो सापडत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. म्हणजे हेच औषध उपचाराचे आणि प्रतिबंधाचेही आहे. त्यात खंड पडला तर विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि औषधाला दाद न देणारी जातही तयार होऊ शकते. पिशवीत खुळखुळ आवाज होऊ नये म्हणून पुष्कळ बायका त्या बाटलीत कापूस भरून ठेवतात. पुरवठ्याविषयीची एक अफवा अशा घरात किती भीती निर्माण करते, हे त्या कापसावरून समजावे.

भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली तत्कालीन मद्रासमध्ये झाली. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या तरुण संशोधक विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि वेल्लोरला जाऊन त्यांची तपासणी करवून घेतली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, स्थापन झाली आणि राष्ट्रीय कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यासाठी जागतिक बँकेने ८ कोटी ४० लाख डॉलर दिले. १९९९ मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी १९ कोटी १० लाख, तर २००७ मध्ये तिसऱ्या टप्प्यासाठी २५ कोटी डॉलर आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण वर्तमानपत्रांत सगळ्याला सरसकट 'मदत' म्हटले जाते. जागतिक बँकेचा हा पैसा कर्ज होता. ते अतिशय सवलतीचे, नाममात्र शुल्काचे आणि लांब मुदतीचे होते, तरी फेडायचेच होते. घरच्या लग्नात पतपेढीतून उचललेली रक्कम आणि मामाने केलेला आहेर यांत जो फरक असतो, तोच कर्ज आणि अनुदान यांत असतो. तिसरा प्रकार म्हणजे वस्तू: औषधे, तपासणीचे संच, यंत्रे. आणि चौथा म्हणजे मांडव उभारायला येणारी जाणती माणसे. जागतिक आरोग्य संघटना आणि १९९६ पासून कार्यरत असलेली युएनएड्स ही संस्था यांचा हातभार प्रामुख्याने या प्रकारचा आहे. रुग्णसंख्येचा अंदाज कसा काढावा, औषध कोणाला आणि कधी सुरू करावे, याचे निकष त्या ठरवून देतात. या चारही प्रकारांना एकच नाव दिले की पैसा आटल्यावर नेमके काय थांबणार हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिल्या टप्प्यातील पैशाचा मोठा उपयोग रक्तपेढ्या सुरक्षित करण्यासाठी आणि जागृतीसाठी झाला. उपचार मात्र नव्हता. समुपदेशनाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला निदान सांगायचे आणि पुढे देण्यासारखे आपल्या हातात काही नाही हेही सांगायचे, अशी ती वर्षे होती.

उपचार का नव्हता, याचे उत्तर किमतीत आहे, आणि या सगळ्या कहाणीतील सर्वांत महत्त्वाचे वळण मला तेच वाटते. २००० च्या सुमारास तीन औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, देऊ केले. हे शक्य झाले ते भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळत असे. त्यामुळे आपल्या कंपन्या तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवू शकत. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून हा कायदा बदलावा लागला, पण तोपर्यंत किंमत एकदा खाली आली होती आणि ती पुन्हा पूर्वीच्या जागी गेली नाही. डोल्युटेग्रॅव्हिरसारख्या नव्या औषधाच्या वेळी वाट निराळी होती: 'मेडिसिन्स पेटंट पूल' या २०१० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने मूळ कंपनीकडून परवाना मिळवला आणि तो भारतीय उत्पादकांना दिला. त्यानंतर अनेक देशांची मागणी एकत्र करून मोठी खरेदी करण्याची पद्धत रुजली. एकच देश शंभर बाटल्या मागतो तेव्हा दुकानदार भाव सांगतो. पन्नास देश मिळून कोट्यवधी बाटल्या मागतात तेव्हा भाव गिऱ्हाईक ठरवते. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक निधीने याच तीन औषधांच्या गोळीचा भाव माणशी वर्षाला ४५ डॉलरच्या खाली आणला आणि पुढे तो ३७ डॉलरच्याही खाली गेला.

हा जागतिक निधी, म्हणजे एड्स, क्षयरोग आणि मलेरिया यांच्याविरुद्धच्या कामाला देणग्यांतून पैसा पुरवणारा ग्लोबल फंड, २००२ मध्ये सुरू झाला. त्याचे मुख्यालय जिनिव्हाला आहे, पण तो कोणत्याही देशात स्वतःची कार्यालये थाटत नाही. देशात एक समन्वय समिती असते. तिच्यात सरकार, स्वयंसेवी संस्था आणि प्रत्यक्ष या आजारासह जगणारी माणसे एकत्र बसतात आणि मागणीचा प्रस्ताव तयार करतात. पैसा हप्त्याहप्त्याने येतो आणि पुढचा हप्ता कामाचे आकडे पाहून सुटतो. रुग्णांना निर्णयाच्या टेबलाशी बसवण्याची ही अट कागदावर साधी दिसते, पण आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत तिने मोठा बदल घडवला, असे मी जवळून पाहिले आहे.

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने मोफत ए.आर.टी. सुरू केली. आंध्र प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र, तमिळनाडू, मणिपूर आणि नागालँड या अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत व दिल्लीत मिळून आठ केंद्रे उघडली. मध्य प्रदेशाचा त्यांत समावेश नव्हता. त्या काळात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात गोळ्या आणायला जात आणि शेजाऱ्यांना ऑफिसचे काम आहे असे सांगत. बाहेरचा पैसा जेथे आग मोठी तेथे प्रथम जातो. ते योग्यच आहे, पण आपल्यासारख्या कमी प्रादुर्भावाच्या राज्यांना त्यामुळे थांबावे लागले. आज देशात सातशेहून अधिक ए.आर.टी. केंद्रे आहेत, इंदुरातही गोळ्या मिळतात आणि सोळा लाखांहून अधिक लोक मोफत औषध घेत आहेत. या विस्तारात औषधखरेदीसाठी जागतिक निधीचा पैसा दीर्घकाळ वापरला गेला. मुलांसाठीच्या औषधांना २००६ नंतर क्लिंटन फाउंडेशन आणि युनिटएड यांचे साह्य मिळाले. त्यांतील युनिटएड ही संस्था काही देशांनी विमानाच्या तिकिटावर बसवलेल्या छोट्या करातून उभी राहिली आहे. आमच्यासारख्या समुपदेशकांचे प्रशिक्षणही याच मार्गाने झाले. जागतिक निधीच्या पैशावर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 'सक्षम' हा प्रकल्प देशभर चालवला.

आता जे काम केंद्राच्या चार भिंतींबाहेर होते, त्याच्याकडे वळू. रुग्णालय उघडे ठेवले तरी सगळे लोक आपण होऊन येत नाहीत. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे आणि महिनोन्महिने घराबाहेर राहणारे ट्रकचालक यांच्यापर्यंत कोणीतरी जावे लागते. इंदुरात देवास नाक्याकडे किंवा आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या ढाब्यांवर रात्री ट्रकांच्या रांगा लागतात, तेथे सरकारी अधिकारी गेला तर माणसे पांगतात. त्यांच्यातलाच कोणी गेला तर थांबतात. अशा माणसाला कार्यक्रमाच्या भाषेत पीअर एज्युकेटर म्हणतात. तो किंवा ती आपल्या भागातल्या ठराविक लोकांची वही ठेवते. कोणाला कंडोम दिले, कोणाची तपासणी राहिली, कोण दोन महिन्यांपासून दिसले नाही, हे सारे तिच्या वहीत असते. तारखा चुकवून दिसेनाशा झालेल्या नावांना आमच्या केंद्रात 'एल.एफ.यू.' (लॉस्ट टू फॉलो-अप) म्हणतात. एखादे नाव त्या यादीत गेले की फोन करून फार थोडे साधते; घराची पायरी ओळखणारे माणूस लागते.

हे काम देशात मोठ्या प्रमाणावर कसे करावे हे दाखवून देण्यात गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' या उपक्रमाचा मोठा वाटा आहे. २००३ मध्ये तो सुरू झाला, वर सांगितलेल्या सहाच राज्यांत आणि महामार्गांवरील ट्रकचालकांमध्ये चालला, आणि काही वर्षांनी ठरल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवण्यात आला. त्याच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे एक लाख संसर्ग टळले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्यातले सोपवणे अधिक महत्त्वाचे वाटते. देणाऱ्याने पहिल्याच दिवशी जाण्याची तारीख मनाशी धरली होती आणि घेणाऱ्याने त्या तारखेची तयारी केली होती. बाहेरची मदत कशी घ्यावी याचे याहून चांगले उदाहरण आपल्या आरोग्यक्षेत्रात मला तरी आठवत नाही.

या साऱ्या तयारीचे फळ म्हणजे आजची स्थिती. तिसऱ्या टप्प्यात खर्चाचा बराच मोठा हिस्सा बाहेरून येत होता. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने १५,४७१ कोटी रुपयांहून अधिक तरतूद मंजूर केली, आणि देशातील नेहमीच्या उपचारांचा भार आता मुख्यतः आपल्याच अर्थसंकल्पावर आहे. म्हणून त्या बाईंना मी "मिळत राहतील" असे सांगू शकले. २०१७ च्या एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्यामुळे, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, शक्य तेथवर उपचार पुरवणे ही सरकारची कायदेशीर जबाबदारीही झाली आहे.

तरीही केवळ पैसा स्वतःचा असला म्हणजे पुरवठा निश्चित असतो, असे नाही. २०२२ च्या जुलैमध्ये काही औषधांचा तुटवडा पडला तेव्हा एच.आय.व्ही.सह जगणारे लोक दिल्लीत नाकोच्या कार्यालयात धरणे धरून बसले आणि कित्येक आठवडे उठले नाहीत. त्या वेळी कोणत्याही परदेशी सरकारने हात आखडता घेतला नव्हता. अडचण आपल्याच खरेदीच्या व्यवस्थेतली होती. म्हणून अमेरिकेची बातमी वाचताना मला आपल्या निविदांची आणि गोदामांची चिंताही तेवढीच वाटते.

अमेरिकेने नेमके काय केले तेही पाहू. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची 'पेपफार' ही योजना जाहीर केली. एका आजारासाठी एका देशाने एवढा पैसा पूर्वी कधी दिला नव्हता, आणि आफ्रिकेतील लाखो लोक त्यामुळे जिवंत राहिले. त्यांच्या हातात गेलेल्या गोळ्यांपैकी फार मोठा हिस्सा भारतात बनलेला होता, ही गोष्ट आपल्याकडे क्वचित सांगितली जाते. २० जानेवारी २०२५ रोजी नव्या सरकारने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. जीव वाचवणाऱ्या उपचारांना नंतर सवलत मिळाली, पण तोवर अनेक देशांत दवाखान्यांची दारे बंद झाली होती, आणि १ जुलैपासून यु.एस.एड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे कामच बंद झाले. पैसे ठरलेल्या तारखेला गेले असते तर देशांना तयारी करता आली असती. ते एका रात्रीत गेले.

भारतात त्याचा फटका गोळ्यांना बसला नाही, बाहेरच्या कामाला बसला. हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे तृतीयपंथीयांसाठी अमेरिकेच्या पैशावर 'मित्र' या नावाचे दवाखाने चालत. तेथे काम करणाऱ्यांत तृतीयपंथी माणसेही होती, आणि एच.आय.व्ही.च्या तपासणीबरोबर इतर उपचार व समुपदेशनही मिळत असे. जानेवारीत ते बंद पडले. हैदराबादचा दवाखाना पुढे टाटा ट्रस्ट्सच्या साह्याने 'सबरंग' या नावाने पुन्हा उघडला. एवढ्या लहान गोष्टीने काय बिघडते, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर आकड्यांत आहे. देशात एच.आय.व्ही.सह जगणारे २५ लाखांहून अधिक लोक आहेत. त्यांतील सुमारे ८१ टक्क्यांना आपली स्थिती ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांतील ८८ टक्के उपचारावर आहेत. आणि उपचारावर असलेल्यांतील ९७ टक्क्यांचा विषाणू नियंत्रणात आहे. जागतिक उद्दिष्ट तिन्ही ठिकाणी ९५ टक्क्यांचे आहे. म्हणजे जो माणूस केंद्रापर्यंत पोहोचून गोळी घेत राहतो, त्याचे काम उत्तम चालले आहे. आपण कमी पडतो ते त्याला शोधण्यात. आणि शोधण्याचे काम करतात ते पीअर एज्युकेटर आणि असले लहान दवाखाने. गोळीला भाव असतो, म्हणून ती अर्थसंकल्पात सहज बसते. रात्री दहा वाजता ढाब्यावर जाऊन एका चालकाशी अर्धा तास बोलणाऱ्या बाईंचे मानधन मात्र कोणत्या रकान्यात लिहावे हे कोणाला सुचत नाही, आणि हात आखडला की पहिली कात्री तेथेच लागते.

जगाच्या पातळीवरही चित्र ओढाताणीचे आहे. युएनएड्सच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात ४ कोटी ८ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत होते आणि ६ लाख ३० हजार लोक त्याच्याशी संबंधित आजारांनी दगावले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जोहान्सबर्ग येथे जागतिक निधीसाठी देशांनी ११.३४ अब्ज डॉलरची आश्वासने दिली, तर निधीची मागणी १८ अब्जांची होती. त्याआधीच्या फेरीत १५.७ अब्ज जमले होते. भारत या निधीचा लाभार्थी आहे आणि देणगीदारही. २०२२ मध्ये आपण अडीच कोटी डॉलर देऊ केले. आपल्या हिताच्या दृष्टीनेही ते योग्य आहे, कारण एकत्रित खरेदी कमकुवत झाली तर गोळीचा भाव सगळ्यांसाठीच वाढेल आणि ती बनवणारे कारखानेही आपलेच आहेत.

त्याच वेळी एक नवे औषध दाराशी आले आहे. लेनाकापाविर या औषधाचे इंजेक्शन वर्षातून दोनदा घेतले तर निरोगी माणसाचा एच.आय.व्ही.पासून बचाव होतो. २०२४ मध्ये आफ्रिकेतील तरुण स्त्रियांवर झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी एकीलाही लागण झाली नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. सप्टेंबरमध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांनी, युनिटएड, क्लिंटन हेल्थ अॅक्सेस इनिशिएटिव्ह आणि गेट्स फाउंडेशन यांच्या सहकार्याने, २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचे जाहीर केले. नवऱ्याला कंडोम वापरायला सांगू न शकणाऱ्या बाईसाठी, कोणालाही न दिसणारे असे संरक्षण किती मोलाचे असेल, हे ती कापूस भरलेली बाटली पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पण ते इंजेक्शन घेण्याची गरज कोणाला आहे हे ओळखून तिला केंद्रापर्यंत आणणारे माणूस येथेही लागणारच.

पाचव्या टप्प्याची मुदत मार्च २०२६ अखेरपर्यंतची. पुढच्या टप्प्याचा आराखडा हाती येईल तेव्हा मी औषधांचा आकडा नंतर पाहीन. पीअर एज्युकेटरचे मानधन किती, ते दर महिन्याला मिळण्याची सोय काय, आणि कल्याण-पुण्यासारखे दवाखाने कोणाच्या खात्यावर धरले आहेत, हे आधी शोधीन. त्या बाईंची पुढची तारीखही त्याच सुमारास आहे, आणि औषध किती राहिले ते पाहण्यासाठी जुनी बाटली बरोबर घेऊन जायची असते, हे त्यांना पाठ आहे.